रात्री स्मार्ट घर रेंगाळतंय? या चुका टाळा

सोलापुरात स्मार्ट स्विच, कॅमेरे आणि वायफाय बसवायची कामं मी करतो. रात्री दोन ते पाचच्या मध्ये मला जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांना माझं उत्तर एकच असतं: काही करू नका, झोपा. कंपन्या सर्व्हरची देखभाल रात्री काढतात, इंटरनेटवाले त्यांची कामं रात्री काढतात, बरीच उपकरणं स्वतःचं अपडेटही त्याच वेळी उरकतात. त्या दोन-तीन तासांत घर जरा सुस्त चालणारच. खरा बिघाड होतो तो माणूस उठून बटणं दाबायला लागल्यावर.

आधी दहादा दाबणं, मग रिसेट मारणं

जुळे सोलापुरातल्या एका काकांचं सांगतो. बँकेतून निवृत्त, टापटिपीचे, हौदातून टाकीत पाणी चढवायच्या मोटारीला स्मार्ट स्विच माझ्याकडूनच बसवून घेतलेला. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा वेळेचा भरवसा नाही. त्या रात्री दोनच्या सुमारास हौद भरला. काकांनी अंथरुणातूनच ॲप उघडून मोटार चालू केली. नुसतं चक्र फिरत राहिलं. परत दाबलं. परत दाबलं.

ॲपचा हुकूम कंपनीच्या सर्व्हरवरून स्विचकडे जातो. सर्व्हर सुस्त असला की हुकूम हरवतोच असं नाही, बऱ्याचदा तो उशिरा पोचतो. इकडे ॲपवर मोटार बंद दिसतेय म्हणून काका दाबतायत, तिकडे मिनिटभरानं चालू, बंद, चालू, बंद असे सगळे हुकूम एकामागून एक येऊन आदळले. बोर्डातला कॉन्टॅक्टर (मोटारीचा करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) खट् खट् वाजायला लागला. चालताना पाच-सहा अँपिअर घेणारी मोटार सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. असं चार वेळा केलं की ट्रिप होणार नाही तर काय होणार? झाली.

काकांनी एमसीबी वर केला आणि मग त्यांना आठवलं, यूट्यूबवर कुणीतरी सांगितलं होतं की स्विचचं बटण पाच सेकंद दाबून धरा. धरलं. दिवा लुकलुकायला लागला, स्विच ॲपमधून गेला. आता नव्यानं जोडायचा तर त्यालाही कंपनीचा सर्व्हरच लागतो, आणि देखभाल चालू होती ती त्याच सर्व्हरची! पावणेतीनला मला फोन.

"काका, ज्या बटणावर तुम्ही पाच सेकंद बोट धरलं ना, ते एकदाच टिचकी मारून सोडा."

मोटार सुरू झाली. बहुतेक वायफाय स्विचना हे बटण असतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. हे बसवतानाच सांगितलेलं असतं, पण ऐकतं कोण. लोकांना ॲपवर रंग बदलायचे असतात.

तेव्हापासून माझी सवय अशी: एकदा दाबायचं, दोन मिनिटं थांबायचं, नाही झालं तर उठून हातानं. मोटारीच्या बोर्डावर मी मार्करनं लिहूनच येतो, ‘रात्री ॲप नाही, बटण’. आणि मोटार बंद करायचं काम क्लाउडवरच्या, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या ऑटोमेशनला कधीच देत नाही. चालू करायचा हुकूम पोचला आणि बंद करायचा अडकला, तर हौद कोरडा पडून मोटार जळते. वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची वेळ स्विचच्या आतच साठवता येते, असाच स्विच घ्या. दोनशे रुपये वाचवायला दुसरा घेतलात तर मला बोलवू नका.

नोटिशीतली वेळ आपली समजणं

याच काकांना दोन दिवस आधी कंपनीची ईमेल आली होती. देखभाल २०:०० ते २३:००, पुढे बारीक अक्षरात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. काकांनी संध्याकाळी आठला सगळं बंद केलं, अकरापर्यंत जागे राहिले, आणि झालं बुवा एकदाचं म्हणून झोपले. आपली घड्याळं यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहेत. म्हणजे खरी वेळ होती रात्री दीड ते साडेचार. तारीखही फसवते: यूटीसीची १८:३० झाली की आपल्याकडे पुढची तारीख लागलेली असते. मी असली ईमेल आली की साडेपाच तास मिळवून मोबाईलच्या कॅलेंडरात टाकतो. डोक्यात हिशोब ठेवत नाही, रात्री डोकं चालत नाही.

कुठे अडलंय ते न बघता राउटर बंद-चालू करणं

मोबाईल डेटा बंद करा, वायफायवर राहा आणि राउटरचं स्वतःचं पान उघडा. ते पटकन उघडलं तर घरातलं वायफाय ठीक आहे. मग एखादी बातम्यांची साइट उघडा. तीही उघडली आणि फक्त स्विचचं ॲपच रखडतंय, तर दोष त्या कंपनीच्या सर्व्हरकडे. राउटरला कितीही झोपवून उठवा, काही फरक नाही. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा दिसला तर बाहेरून सिग्नलच येत नाहीये. तिथे फोन इंटरनेटवाल्याला करायचा, मला नाही.

आणखी काही

अपडेट चालू असताना मेन स्विच पाडू नका. उपकरण कायमचं मरू शकतं.

‘अडकलंय’ म्हणून ॲप काढून परत टाकायचं आणि मग पासवर्ड आठवत बसायचं, हे तर मला कळलेलंच नाही.

गेटचे दिवे, कॅमेऱ्याचं बॅकअप, गीझर, सगळ्याला पहाटे तीनचीच वेळ लावू नका. थोडं पुढे-मागे करा.

माझीही चूक सांगतो. घरी मी रास्पबेरी पायवर (मेमरी कार्डावर चालणारा तळहाताएवढा संगणक) होम असिस्टंट हे स्मार्ट घर सांभाळणारं सॉफ्टवेअर चालवतो. पहाटे चारनंतर पॅसेजचा दिवा उशिरा लागायचा. महिनाभर वायफायला शिव्या घातल्या. मग कळलं, होम असिस्टंट रोज ४ वाजून १२ मिनिटांनी डेटाबेसमधल्या जुन्या नोंदी पुसतो, आणि मी हौसेनं लावलेला व्होल्टेज सेन्सर सेकंदा-सेकंदाला नोंद करत होता. मेमरी कार्डाचा जीव तो केवढा! सेन्सर नोंदीतून वगळला, कार्ड काढून एसएसडी, म्हणजे जास्त दमाची डिस्क लावली. दिवा आता वेळेवर लागतो, आणि पॅसेजमध्ये जुनं बटणही आहेच, ते मी कधी काढलंच नव्हतं.