रोहिताचा गुडघा

रानपक्ष्यांची चित्रे काढून मुंबईत पोट भरायचे, असे ठरवून मी चित्रकलेची पदविका घेतली, त्याला अकरा वर्षे झाली. चित्रे निघतात, पोट मात्र अजून आठवड्यातले चार दिवस पाठ्यपुस्तकांची मांडणी करूनच भरते. हे आधीच सांगितलेले बरे. पेन्सिल, कागद, जलरंग यांची ओळख आपल्याला असणारच, म्हणून मी जिथे फसलो तिथेच थेट येतो.

पहिली तीन वर्षे मी इंटरनेटवरची छायाचित्रे लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, ठेवून गिरवत होतो आणि मग पिसामागून पीस रंगवत होतो. चित्रे देखणी दिसत, नातेवाईक कौतुक करत. एका लहानशा प्रदर्शनात मी लहान रोहिताचे, म्हणजे लहान जातीच्या फ्लेमिंगोचे, मोठे चित्र लावले. मूळ छायाचित्रात पक्ष्याचे पाय पाण्याखाली होते, म्हणून पाय दुसऱ्या छायाचित्रातून घेतले होते आणि चोच तिसऱ्यातून. एक वयस्कर पक्षीनिरीक्षक बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “अहो, हा पडेल की. आणि चोच थोर रोहिताची लावलीत.” चोचीची चूक मला तिथेच उमगली, कारण थोर रोहिताची, म्हणजे मोठ्या जातीच्या फ्लेमिंगोची, चोच गुलाबी असून फक्त टोकाला काळी असते, तर लहान रोहिताची जवळजवळ सगळीच गडद असते. तो पडेल का, हे कळायला मात्र पुढचे वर्ष गेले.

ते इथे सविस्तर सांगतो, कारण हे मला कोणत्याही वर्गात कोणी सांगितले नव्हते. रोहिताच्या पायाच्या मध्यावर उलटा वळल्यासारखा जो सांधा दिसतो, तो गुडघा नव्हे, घोटा आहे. पक्षी बोटांवर चालतो. त्याची टाच कायम उचललेली असते आणि आपण ज्याला नडगी समजतो तो लांबलेला तळपाय असतो. खरा गुडघा पोटाच्या पिसांत दडलेला असतो. मांडीचे हाड कुल्ह्यापासून जवळजवळ आडवे पुढे येते, त्यामुळे गुडघा शरीराच्या तोलाच्या बिंदूपाशी पोहोचतो आणि पावले त्या बिंदूखाली येतात. मी पाय कुल्ह्यापासून, म्हणजे शेपटीच्या बाजूने, सरळ खाली सोडले होते. सगळा भार पुढे आणि पाय मागे! म्हणून आता मी आधी शरीराचा अंडाकार काढतो, त्याच्या तोलाच्या बिंदूतून एक उभी रेघ खाली सोडतो, त्या रेघेवर पावले ठेवतो आणि त्यानंतरच पाय जोडतो. पिसे सर्वांत शेवटी. पक्षी वाकला, मान लांबवली, की तोल सरकतो आणि शरीराचा कल बदलतो. हा बदल गिरवून हाताला कळत नाही.

तो समोर पाहूनच कळतो, आणि त्यासाठी शिवडीची जेट्टी उत्तम आहे. हिवाळ्यापासून मेपर्यंत, भरतीचे वेळापत्रक पाहून जावे. पाणी चढू लागले की चिखलावर दूर पांगलेले रोहित किनाऱ्याकडे सरकतात. ऐरोलीहून बोटही मिळते, परंतु हलत्या बोटीत रेघ धरत नाही. बोट छायाचित्रकारांनाच लखलाभ. एकाच पानावर आठ-दहा अर्धवट रेखाटने सुरू करावीत. पक्षी हलला की पुढच्या रेखाटनाकडे वळावे आणि तो पूर्वीच्या ढबीत आला की मागच्याकडे परतावे. तो परत येतोच, कारण पक्ष्याच्या ढबी मोजक्याच असतात. पहिले दोन महिने पाने भयंकर दिसतील. माझी आजही निम्मी तशीच दिसतात, त्यामुळे घाबरू नये. रोहितांचा हंगाम नसेल तर नाल्याकाठचा वंचक, म्हणजे तपकिरी रंगाचा छोटा बगळा, घ्यावा. तो दहा-दहा मिनिटे दगडासारखा उभा राहतो, आणि आखडलेल्या मानेचा वंचक व ताणलेल्या मानेचा वंचक हे दोन वेगळे पक्षी वाटावेत इतका फरक त्याच्यात पडतो. तेही जमत नसेल तर खिडकीतला कावळा आहेच.

काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पेंढा भरलेले पक्षी निवांत पाहता येतात आणि पंखातल्या पिसांच्या ओळी समजून घ्यायला त्यांचा मोठा उपयोग होतो. परंतु चोचीचा व पायाचा रंग तिथून कधीही उचलू नये. मेल्यानंतर तो फिका पडतो.

एका दिवसात पक्षीचित्रण शिकवणाऱ्या कार्यशाळांवर मी बरेच पैसे घालवले आणि तिथे मला फक्त पाण्याचे ओघळ देखणे करता येऊ लागले. माझ्या मते चित्रकला शिकवणाऱ्या गुरूपेक्षा पक्षी ओळखणारा खडूस माणूस शोधावा आणि त्याला कच्ची रेखाटने दाखवावीत. तो रंगाचे कौतुक करणार नाही, पण मान कुठे चुकली ते नेमके सांगेल. छायाचित्रे मी आजही वापरतो, मात्र स्वतः काढलेली, आणि रेखाटन पूर्ण झाल्यावर खुणा ताडून पाहण्यापुरती. दुसऱ्याचे छायाचित्र गिरवून चित्र विकणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, हे मला एका छायाचित्रकाराच्या कडक पत्राने शिकवले.

कामे मिळतात ती बहुधा माहितीफलकांची आणि भित्तिचित्रांची. एका संस्थेने चौदा पक्षी काढून घेतले आणि पैसे नऊ महिन्यांनी दिले. तेव्हापासून निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय मी पेन्सिलला टोक करत नाही.