एका बाजूचे असूनही राजकारणाचा वर्षअखेर आढावा कसा लिहायचा

पहिल्याच ओळीत आपण कोणाचे ते सांगून टाका. मी महाविकास आघाडीवाला आहे, काँग्रेसकडे झुकलेला, आणि "मी तर तटस्थ आहे हो" म्हणत तीन पानं एकाच पक्षाला झोडपणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा येतो. वाचणाऱ्याला एकदा कळलं ना की हा माणूस कुठून बोलतोय, मग तो आपला डिस्काउंट आपणच लावून घेतो आणि तुम्हालाही मोकळेपणाने लिहिता येतं.

उदाहरणाला २०२४ घेऊ, कारण आमच्यासारख्यांना त्या वर्षाने एकदा डोक्यावर घेतलं आणि सहा महिन्यांत आपटलं.

लिहायच्या आधी जुने मेसेज, स्टेटस काढून बसा. डिसेंबरमध्ये बसून आठवायला गेलात तर मेंदू सगळं सोयीने लावतो, नोव्हेंबरचा निकाल माहीत असतो म्हणून "मला जूनमध्येच वाटलं होतं" असं वाटायला लागतं. त्यामुळे एका कागदावर फक्त तारखा उतरवा. १५ फेब्रुवारी, सुप्रीम कोर्टाने इलेक्टोरल बॉण्ड (पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायची योजना) रद्द केले. ४ जून, लोकसभेचा निकाल. ५ ऑगस्ट, शेख हसीना ढाका सोडून भारतात. ८ ऑक्टोबर, हरियाणा विधानसभेचा निकाल. २३ नोव्हेंबर, महाराष्ट्र विधानसभेचा. ८ डिसेंबर, सीरियाची राजधानी दमास्कस पडली आणि तिथले राष्ट्राध्यक्ष असद रशियात. मतं नंतर, आधी हा सांगाडा.

मग आकडे. इथे जरा थांबा कारण बाजूवाला माणूस घसरतो तो इथेच. सवय अशी लावून घ्या की जागा लिहिली की शेजारी मतांची टक्केवारी लिहायचीच. भाजप ३०३ वरून २४० वर आला म्हणून आम्ही जूनमध्ये नाचलो, पण मतं ३७.४ वरून ३६.६ टक्क्यांवर, म्हणजे एक टक्कासुद्धा गेला नाही. महाराष्ट्रात लोकसभेला आघाडी ३०, महायुती १७ (सांगलीत विशाल पाटील अपक्ष), आणि दोन्ही बाजूंच्या मतांत फरक टक्क्याच्या आत! हे तेव्हाच नीट वाचलं असतं तर नोव्हेंबरला इतका धक्का बसला नसता. हरियाणातही तेच, भाजप ४८, काँग्रेस ३७, मतांत पुन्हा टक्क्याहून कमी फरक, फक्त यावेळी उलट्या बाजूने. ज्या गणिताने आपण जिंकतो त्याच गणिताने हरतो, तर दोन्हीकडे तेच गणित मांडा, आपण जिंकलो की "जनमताचा कौल" आणि हरलो की "मतविभाजन" असं चालत नाही.

आता आपल्या पराभवाचा परिच्छेद. हा सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात आधी लिहा. विधानसभेत भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजितदादा ४१, आणि आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून ४६. विरोधी पक्षनेतेपदाला दहा टक्के म्हणजे २९ आमदार लागतात म्हणतात, तेवढे एकट्या कोणाकडेच नाहीत. कारणं लिहिताना एक टेस्ट लावा, जे कारण देताय त्याच्या उलटं उदाहरण त्याच वर्षात आहे का?

पिपाणीचं बघा, म्हणजे आघाडीतल्या शरद पवार गटाच्या तुतारीसारखं वाटणारं अपक्षांचं चिन्ह. साताऱ्यात लोकसभेला त्या गटाचे शशिकांत शिंदे भाजपच्या उदयनराजेंकडून साधारण ३२ हजारांनी हरले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली, म्हणजे तुतारीशी गोंधळ झाला हे म्हणायला जागा आहे. पण दिंडोरीत पिपाणीला लाखाच्या वर मतं गेली, तरी त्याच गटाचे भास्कर भगरे निवडून आले, कारण तिकडे कांदा होता. डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी मे २०२४ च्या सुरुवातीला उठली, तोपर्यंत शेतकऱ्याचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. दोन्ही लिहा. नुसतं सातारा लिहिलंत तर ती तक्रार झाली, शेजारी दिंडोरी आली की विश्लेषण होतं.

ईव्हीएमबद्दल लिहायचं असेल तर हीच टेस्ट. मारकडवाडीत (सोलापूर जिल्हा, माळशिरस मतदारसंघ) ३ डिसेंबरला गावकरी स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायला निघाले आणि प्रशासनाने होऊ दिलं नाही हे जरूर लिहा, ते न होऊ देणं मला आजही पटत नाही. पण त्या माळशिरसमधून निवडून आले आघाडीचेच उत्तम जानकर, आणि विधानसभेच्याच दिवशी झालेली नांदेडची लोकसभा पोटनिवडणूक काँग्रेसने १,४५७ मतांनी जिंकली, हे गाळू नका. शंका घ्या, पण ४ जूनला मशीन चांगलं होतं का ते आधी सांगा.

समोरच्याने काय बरोबर केलं त्याला चार ओळी द्या, "पण" न लावता. लाडकी बहीणचे १५०० खात्यात पोचत होते. आपण त्याला रेवडी म्हणायचं आणि आपल्याच जाहीरनाम्यात ३००० चं वचन द्यायचं, हे दोन्ही एकाच तोंडाने बोलता येत नाही राव.

जगाचं थोडक्यात, आणि जपून. जगाच्या बातम्यांत आपल्याला आपलंच भांडण दिसतं. हसीना गेल्या तेव्हा इकडे किती जणांनी "आता इथेही" असं लिहिलं, अरे तिकडे नोकऱ्यांच्या आरक्षणावरून पोरं रस्त्यावर आली, गोळीबारात शेकडो मेली, ते आंदोलन त्यांचं होतं. एखादा धागा धरायचाच असेल तर सत्तेतल्यांना फटका हा धरा: ब्रिटनमध्ये हुजूर पक्ष साफ, दक्षिण आफ्रिकेत सत्ताधारी एएनसी पक्षाचं १९९४ पासूनचं बहुमत गेलं, जपानमध्ये सत्ताधारी एलडीपीचं गेलं, अमेरिकेत ट्रम्प परत. पण मेक्सिकोत सत्ताधारी पक्षाच्याच क्लाउडिया शीनबाम दणदणीत जिंकल्या, तेही शेजारी लिहा नाहीतर कोणीतरी तुम्हाला ते ऐकवेलच. आणि हो, जागा-मतांची सवय इथेही, ब्रिटनमध्ये जिंकलेल्या लेबर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या त्या ३४ टक्क्यांहून कमी मतांवर. गाझा, युक्रेनसारख्या चालू युद्धांवर निकाल देऊ नका, वर्षात काय बदललं तेवढं लिहून पुढे सरका.

भाषेचं एकच, अंधभक्त, चमचे, गद्दार, खोके हे शब्द पहिल्या खर्ड्यात बिनधास्त येऊ द्या, राग निघून जातो, आणि दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकाच्या जागी नाव आणि कृती घाला. "गद्दारांनी" च्या जागी कोणी, कधी, काय केलं. निम्मी वाक्यं तिथेच गळतात, कारण त्यांच्यात शिवीशिवाय काही नसतं.

शेवटी भाकितं, दोन-तीनच, आणि अशी की वर्षाने कोणीही बरोबर-चूक ठरवू शकेल. "लोकशाहीपुढे आव्हानं राहतील" हे भाकीत नाही. "बिहारमध्ये अमुक आघाडी सत्तेत येईल" हे आहे. २०२४ च्या डिसेंबरात महापालिका निवडणुकांच्या तारखेवर मात्र पैज लावण्यात अर्थ नव्हता, मुंबईची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि "पुढच्या वर्षी नक्की" हे लोकांनी त्याच वर्षी लिहिलं होतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.