हवेचा फिल्टर डिझाइन करताना या चुका टाळा

नवीन डिझाइन घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा माझ्यासमोर मीडियाचं, म्हणजे धूळ अडवणाऱ्या कापडाचं, डेटाशीट ठेवतो. धुळीची इतकी पकड, इतका प्रेशर ड्रॉप, म्हणजे कापडातून जाताना हवेचा पडणारा दाब. मी विचारतो, हा आकडा सपाट कापडाचा आहे, चुण्या घालून फ्रेममध्ये बसवल्यावर किती येतो? मग तो माणूस चहा कुठे मिळेल ते विचारतो.

चुण्या वाढवल्या की काम झालं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून तिच्यावर राग जास्त.

गणित सोपं वाटतं. मीडियातून हवा इतकी सावकाश जाते की वेग आणि दाब सरळ प्रमाणात चालतात. चुण्या वाढवून क्षेत्रफळ दुप्पट केलं की कापडातला वेग निम्मा, दाबही निम्मा. नाव 600 बाय 600, प्रत्यक्षात 592 बाय 592 आणि जेमतेम 50 मिलिमीटर खोल, असा एक पॅनेल फिल्टर होता. त्यात 60 चुण्या होत्या. मी 110 घातल्या. ताशी 3400 घनमीटर हवा सोडली आणि मॅनोमीटरने, म्हणजे दाब मोजायच्या उपकरणाने, जुन्या फिल्टरपेक्षा जास्त दाब दाखवला.

आधी मॅनोमीटरला दोष दिला. शून्य परत जुळवलं, नळ्या बदलल्या, फिल्टर उलटा लावून पाहिला. आकडा हलेना. शेवटी चुण्या घालायच्या मशीनवर आयुष्य काढलेले आमचे एक कारागीर आले. ब्लेडने फ्रेमची एक बाजू कापून त्यांनी मला वाकायला लावलं आणि म्हणाले, "साहेब, यात हवा शिरणार कुठून?"

खरंच, शिरायला जागाच नव्हती. आतली 570 मिलिमीटर रुंदी भागिले 110, म्हणजे एका चुणीच्या वाट्याला 5 मिलिमीटरच्या आसपास. कापड 1 मिलिमीटर जाड, ते दोनदा. उरले 3, तेही आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेने वाटून घ्यायचे. वर चुण्या जागेवर धरणाऱ्या हॉट मेल्ट गोंदाच्या रेघा. काही ठिकाणी शेजारच्या चुण्या एकमेकींना टेकल्याच होत्या, म्हणजे तिथलं कापड फुकट गेलं. अरुंद फटीचा हिशोब तर निर्दय असतो: फट निम्मी झाली की तेवढीच हवा ढकलायला आठपट दाब. चुण्या वाढल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला निम्मीच हवा येते असं धरलं, तरी चौपट. कापडात वाचवलेले पास्कल मी फटींमध्ये घालवून बसलो होतो, वर व्याजही भरलं होतं.

तेव्हापासून मी एकच नमुना कधीच बनवत नाही. तेच कापड, तीच फ्रेम, पण चुण्यांची संख्या वेगवेगळी असलेले किमान तीन. चुण्या वाढत जातात तसा दाबाचा आलेख खाली उतरतो, तळ गाठतो आणि परत वर चढतो. मी तळाच्या थोडं अलीकडे, कमी चुण्यांच्या बाजूला थांबतो, कारण उद्या धूळही त्याच फटीत येऊन बसणार असते. तीन नमुन्यांना वेळ लागतो हे मला माहीत आहे. ज्यांना घाई असते ते सॉफ्टवेअरमधलं रंगीत चित्र दाखवतात. त्या चित्रात चुण्या कायम ताठ उभ्या असतात, वाऱ्याने कधी फुगत नाहीत.

जागा असेल तर चुण्यांच्या आधी फिल्टरची खोली वाढवा.

फिल्टर बदलला, फॅन तसाच

"कमी दाबाचा फिल्टर लावला, तरी वीजबिल तेवढंच" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: फॅनचा वेग कमी केला का? नसतोच केलेला.

फिल्टरमुळे लागणारी वीज म्हणजे हवेचा प्रवाह गुणिले दाब, भागिले फॅनची कार्यक्षमता. सेकंदाला 1 घनमीटर हवा, 100 पास्कल आणि 50 टक्के कार्यक्षमता धरली तर 200 वॅट. अखंड चालवलं तर वर्षाला 1752 युनिट. वाचवण्यासारखं आहेच. पण ठरावीक वेगाने फिरणाऱ्या फॅनपुढचा अडथळा कमी केला, तर तो विश्रांती घेत नाही, जास्त हवा ढकलतो. सेंट्रिफ्यूगल फॅनमध्ये त्याने मोटरवरचा भार बहुधा वाढतोच. बचत हवी असेल तर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या उपकरणावर) किंवा पुली बदलून वेग उतरवा आणि हवा पूर्वीइतकीच आहे ना ते मोजा. यंत्रणा तीच असताना वेग 10 टक्क्यांनी उतरला तर लागणारी शक्ती साधारण 27 टक्क्यांनी उतरते. मी फिल्टर बदलायच्या आधी आणि नंतर मोटरचा करंट वहीत लिहितो. वही नसेल तर बचतीच्या गप्पा माझ्याशी मारू नका.

बाकीच्या, थोडक्यात

गॅस्केटवर, म्हणजे फ्रेमच्या कडेची फट बंद करणाऱ्या पट्टीवर, पैसे वाचवू नका. कडेने फट राहिली की फिल्टरवरचा दाब मोजणारा गेज कमी दाब दाखवतो आणि लोक त्यालाच चांगलं डिझाइन समजतात. फिल्टर भरत जातो तशी फटीतून पळणारी हवा वाढते. मी अंधार करून मागून टॉर्च मारतो. कडेला उजेडाची रेघ दिसली की फिल्टर परत.

हवा नेणाऱ्या डक्टच्या वळणाला चिकटून फिल्टर बसवू नका. जुना फिल्टर काढून पाहा: एक बाजू काळीकुट्ट आणि दुसरी जवळजवळ कोरी असेल, तर अर्धा फिल्टर पगार घेऊन बसून होता.

विद्युतभारित कापडाची सुरुवातीची पकड पाहून हुरळू नका, भार उतरतो. हवेच्या फिल्टरसाठीच्या 2016 च्या आयएसओ 16890 या आंतरराष्ट्रीय चाचणीत आयसोप्रोपॅनॉलच्या वाफेने तो मुद्दाम उतरवून पकड पुन्हा मोजतात, ते उगाच नाही.

नव्या फिल्टरचाच दाब सांगू नका, धूळ भरलेल्याचा सांगा. फॅन बहुतेक काळ त्याच्याशीच झुंजतो.

फ्रेमवरच्या, हवेची दिशा सांगणाऱ्या बाणाकडे बघा. हो, हेही लिहावं लागतं.

आणि गेज महिनोन्‌महिने शून्यावर असेल तर खूश होण्याआधी मागची नळी निसटलीय का ते पाहा.