दातांच्या जुन्या कामामुळे हिरडीवर पडलेला काळा डाग: ओळख आणि उपचार

दाढेत चांदी भरल्यानंतर किंवा पुढच्या दाताला कॅप बसवल्यानंतर काही वर्षांनी हिरडीवर काळसर डाग दिसू लागला, तर तो घालवण्याआधी कशाचा आहे हे निश्चित करून घ्यावे, कारण त्यावरच उपचार ठरतो.

दाढेत भरतात ती ‘चांदी’ म्हणजे मिश्रधातू असून तीत जवळपास ५० टक्के पारा असतो. उरलेला भाग मुख्यतः खरी चांदी, कथील आणि तांब्याचा. ती भरताना, कोरून काढताना किंवा दाढ उपटताना तिचे बारीक कण हिरडीत रुतले, तर तेथे निळसर काळा, सपाट आणि न दुखणारा डाग कायमचा राहतो. तो निरुपद्रवी असतो. एक्स-रेमध्ये कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसले तर निदान सोपे होते. मात्र कण फार सूक्ष्म असल्यास ते दिसत नाहीत. अशा वेळी, आणि डाग वाढत असेल, उंचावला असेल किंवा त्यातून रक्त येत असेल तर नक्कीच, बायोप्सी (डागाचा बारीक तुकडा काढून तपासणी) करून घ्यावी, कारण मेलानोमा हा दुर्मीळ पण घातक कर्करोगही सुरुवातीला असाच दिसू शकतो. दोन्ही बाजूंना सारखाच पसरलेला तपकिरी रंग बहुधा जन्मजात किंवा मिश्री-सिगारेटचा असतो. त्याचा दोष दंतवैद्याला देऊ नये.

कॅपच्या कडेला दिसणारी करडी रेघ ही बहुतेकदा सिरॅमिकखालच्या धातूची असते आणि झिर्कोनियाची (खाली काळसर धातू नसलेली, पांढरी) कॅप बसवल्यास ती जाऊ शकते. परंतु रूट कॅनालनंतर मूळच काळवंडले असेल किंवा आत धातूचा पोस्ट (कॅपच्या आधारासाठी मुळात बसवलेली दांडी) असेल, तर नव्या कॅपनंतरही सावली उरते. हे खर्च करण्याआधीच विचारून घ्यावे.

चांदीचा डाग हसताना दिसत नसेल तर माझ्या मते त्याच्या वाटेला जाऊ नये. काढायचाच असल्यास हिरड्यांचे तज्ज्ञ तेवढा भाग कापून टाळूतील ऊती तेथे टाक्यांनी बसवतात. नंतर हिरडीपेक्षा टाळूच अधिक हुळहुळतो. टाके निघेपर्यंत त्या जागी ब्रश लावू नये, सांगितल्याप्रमाणे क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या चुळा भराव्यात. त्या लांबवल्यास दातच तपकिरी होतात. मीठ किंवा कोळसा घासून कण निघत नाहीत, हिरडी मात्र सोलवटते.

डागासाठी शेजारच्या दाढेतील सुस्थितीतली चांदी काढून घेऊ नये. तिच्या जाण्याने डाग जात नाही. ती खराब झाल्यामुळे काढावीच लागली, तर दाताभोवती रबर डॅम (कण हिरडीत जाऊ न देणारा रबरी पडदा) लावण्याचा आग्रह धरावा.