फायरवॉलचा नियम लागूच पडत नाही? आधी पॅकेट बघा

नियम लिहिला, सेव्ह केला, तरी ट्रॅफिक अडकलेलंच. अशा वेळी हात आपोआप नियमाकडेच जातो. पोर्ट बदलून बघतो, पत्ता बदलून बघतो आणि शेवटी वैतागून ‘एनी टू एनी, अलाउ’ (कुठूनही कुठंही, सगळं जाऊ दे) टाकून मोकळे होतो. हे मात्र कृपया करू नका. त्यानं काम सुरू होतं, पण चूक कळत नाही आणि दार सताड उघडं राहतं.

पहिल्यांदा त्या नियमाचा हिट काउंट, म्हणजे तो किती वेळा लागू पडला याचा आकडा, बघा. एकदा जोडणी करा आणि आकडा वाढतो का ते पाहा. वाढला, तर नियम जुळतो आहे. दोष सर्व्हरमध्ये किंवा परतीच्या वाटेत शोधा. दर वेळी नवी जोडणी करा, कारण स्टेटफुल (चालू जोडण्या लक्षात ठेवणाऱ्या) फायरवॉलमध्ये बहुतेक वेळा जोडणीचं पहिलं पॅकेटच (डेटाचा तुकडा) नियमांतून जातं.

आकडा हलला नाही, तर ट्रॅफिक ज्या इंटरफेसवरून आत येतं तिथं टीसीपीडम्प (पॅकेट टिपून दाखवणारं साधन) किंवा फायरवॉलचं स्वतःचं पॅकेट कॅप्चर लावा. पॅकेट आलंच नसेल, तर नियमाला दोष देण्यात अर्थ नाही, राउटिंग तपासा. आलं असेल, तर प्रोटोकॉल, दोन्हीकडचे पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट कागदावर उतरवा आणि नियमाशेजारी ठेवा. बहुतेक चुका इथंच सापडतात. सोर्स पोर्टच्या रकान्यात ४४३ लिहिलेला असतो. क्लायंटचा पोर्ट तर दर वेळी वेगळा असतो, तो रकाना ‘एनी’च हवा. १९२.१६८.१०.०/२५ मध्ये शेवटचा आकडा १२७ पर्यंतच जातो, त्यामुळे १९२.१६८.१०.१३० हे मशीन बाहेर राहतं. नियम टीसीपी ४४३ चा असतो आणि ब्राउझर एचटीटीपी/३ मुळे यूडीपी ४४३ वर बोलत असतो. किंवा नियम आयपीव्ही४ चा, पॅकेट आयपीव्ही६ चं.

सगळं जुळतं, तरी आकडा शून्यच? मग क्रम बघा. बहुतेक फायरवॉल वरून खाली वाचतात आणि पहिला जुळणारा नियम लावून थांबतात, त्यामुळे वरचा एखादा ढोबळ नियम ट्रॅफिक आधीच गिळतो. विंडोज फायरवॉलचं गणित वेगळं आहे: तिथं क्रम नसतो, स्पष्ट ‘ब्लॉक’ नियम साधारणपणे ‘अलाउ’वर मात करतो.

सर्वांत जास्त वेळ खातं ते नॅट, म्हणजे वाटेत पॅकेटचा पत्ता किंवा पोर्ट बदलणं. समजा बाहेरचा पोर्ट ८०८० आतल्या १९२.१६८.१०.२० च्या पोर्ट ८० कडे वळवला आहे. लिनक्समध्ये हा बदल फॉरवर्ड चेनच्या (पुढे जाणाऱ्या ट्रॅफिकसाठीच्या नियमांच्या साखळीच्या) आधी होतो, म्हणून नियमात आतला पत्ता आणि ८० च हवा. सिस्को एएसए या फायरवॉलमध्येही ८.३ आवृत्तीपासून खराच, म्हणजे आतला, पत्ता लिहावा लागतो. पालो आल्टोच्या फायरवॉलमध्ये मात्र पत्ता नॅटच्या आधीचा आणि डेस्टिनेशन झोन (पॅकेट जिथं पोचायचं तो नेटवर्कचा भाग) नॅटनंतरचा. एकावरची सवय दुसऱ्यावर नेली, की तासन्‌तास जातात.

लिनक्सवर आणखी एक गोष्ट तपासा. मशीनमधून पुढे जाणारं ट्रॅफिक इनपुट चेनमध्ये (खुद्द मशीनसाठी आलेल्या ट्रॅफिकच्या नियमांत) येतच नाही. डॉकरनं (कंटेनर चालवणाऱ्या साधनानं) उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या (लिनक्सवरच्या सोप्या फायरवॉल साधनाच्या) नियमांना जुमानत नाहीत ते याचमुळे. तिथले नियम डॉकर-यूजर चेनमध्ये लिहावे लागतात.

दुरुस्ती झाल्यावर जुनी सेशन्स तोडूनच चाचणी घ्या, कारण चालू जोडणी अनेकदा जुन्याच निर्णयावर चालत राहते. आणि तपासासाठी टाकलेले तात्पुरते नियम त्याच दिवशी काढून टाका.