जुनी मालिका डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रे डिस्कवर का येत नाही, आणि यावी म्हणून काय करायचं

'ही मालिका डीव्हीडीवर आणा ना प्लीज' अशी पत्रं कंपन्यांकडे वर्षानुवर्षं जातात आणि त्यांचं काहीही होत नाही. मालिका लोकांना हवी आहे हे कंपनीला बहुतेक वेळा ठाऊक असतंच, अडलेलं असतं भलतीकडे. म्हणून मागणी करण्याआधी घोडं कुठे पेंड खातंय ते शोधा. जुन्या मालिकांच्या बाबतीत जागा साधारण तीन: मालकी, संगीत आणि मूळ चित्रफीत. खपाचा प्रश्न असतोच, पण तो या तिन्हींनंतर येतो.

मालकी

ज्या वाहिनीवर मालिका लागायची ती वाहिनी मालक असेलच असं नाही. शेवटच्या श्रेयनामावलीतली अगदी शेवटची पाटी थांबवून वाचा. तिथे स्वामित्वहक्काचं वर्ष (बरेचदा रोमन आकड्यांत) आणि कंपनीचं नाव असतं. हे पहिल्या पर्वाच्या पहिल्या भागात करा आणि शेवटच्या पर्वाच्या शेवटच्या भागातही करा. दोन्हीकडे नाव वेगळं निघालं, तर मध्येच हक्क हस्तांतरित झाले असण्याची शक्यता आहे. मग त्या कंपनीचं पुढे काय झालं, कोणी विकत घेतली, कोणात विलीन झाली, हे टप्प्याटप्प्याने आजच्या मालकापर्यंत आणायचं. अमेरिकन मालिका असेल तर तिथल्या कॉपीराइट ऑफिसच्या १९७८ पासूनच्या नोंदी ऑनलाइन शोधता येतात.

कधीकधी मालक दोन असतात. १९६६ ते १९६८ या काळातली 'बॅटमॅन' ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सने बनवली होती, पण पात्रं डीसी कॉमिक्सची, म्हणजे वॉर्नर या दुसऱ्या स्टुडिओच्या घरातली. १२० भागांची ही तुफान लोकप्रिय मालिका डिस्कवर यायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. अशा ठिकाणी एकाच कंपनीला पत्र लिहून काही हलत नाही.

उलटा प्रकारही असतो. अमेरिकेत १९६३ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या कृतींच्या हक्कांचं २८ वर्षांनी नूतनीकरण करावं लागे. काही मालिकांच्या काही भागांचं ते राहून गेलं. 'द बेव्हर्ली हिलबिलीज'च्या सुरुवातीच्या भागांचं असंच झालं, आणि त्यांच्या स्वस्त डिस्क कोणीही काढू लागलं. पण शीर्षकगीताचा हक्क वेगळा आणि जिवंत होता, त्यामुळे त्या डिस्कवर सुरुवातीला भलतंच संगीत वाजतं. स्वस्त संचात ओळखीचं शीर्षकगीत नसेल तर कारण बहुधा हेच.

संगीत

सगळ्यात जास्त मालिका इथे अडकतात. लोकप्रिय गाणं डिस्कवर वापरायला दोन परवानग्या लागतात. एक गाण्याच्या प्रकाशकाची, म्हणजे शब्द आणि चाल यांची. दुसरी रेकॉर्ड कंपनीची, म्हणजे त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. पात्र स्वतः गाणं म्हणत असेल तर दुसरी लागत नाही. मालिका बनली तेव्हा होम व्हिडिओचा धंदाच नव्हता किंवा कोणाच्या डोक्यात नव्हता, त्यामुळे जुन्या करारांत परवानगी फक्त प्रसारणापुरती, तीही ठरावीक वर्षांची. डिस्क काढायची तर प्रत्येक गाण्याचा सौदा नव्याने करायचा.

रेडिओ स्टेशनवर घडणारी 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही याची ठसठशीत केस. २००७ मध्ये पहिलं पर्व डीव्हीडीवर आलं ते बरीच गाणी बदलून. जिथे गाणं हाच विनोदाचा अर्धा भाग, तिथे पार्श्वभूमीला बेचव भरणा. पुढे २०१४ मध्ये शाउट फॅक्टरी या डिस्क काढणाऱ्या कंपनीने बहुतांश मूळ गाण्यांसह पूर्ण संच काढला. 'द वंडर इयर्स' १९९३ मध्ये संपली आणि नीट संचात यायला तिलाही २०१४ पर्यंत थांबावं लागलं. अडसर तोच.

चाहत्यांनी करण्यासारखं सर्वांत उपयोगी काम म्हणजे गाण्यांचा तक्ता. भागानुसार एकेक ओळ लिहायची. उदाहरणार्थ: भाग ७, २२ मिनिटं ४० सेकंदांपासून २३ मिनिटं २५ सेकंदांपर्यंत, एकूण ४५ सेकंद, बारमधल्या ज्यूकबॉक्सवर, वर दोघांचा संवाद चालू, शब्द स्पष्ट ऐकू येतात, पुढच्या प्रसंगात नायिका त्याच ओळीवरून टोमणा मारते. या शेवटच्या नोंदीला सोन्याचं मोल आहे. गाणं कथेत गुंतलंय की नुसतं मागे वाजतंय, हे त्यावरून कळतं. पुढे एक रकाना ठेवा: 'बदललं तर चालेल का?' आणि त्यात प्रामाणिकपणे हो किंवा नाही लिहा. आठ सेकंद गाडीच्या रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यासाठी अडून बसण्यात अर्थ नाही. 'सगळी गाणी मूळ, नाहीतर काहीच नको' या हट्टापायी मालिका कपाटातच राहते.

आवाज मुद्रित कसा केला होता यालाही महत्त्व आहे. संवाद एका पट्टीवर आणि संगीत दुसऱ्यावर असेल, तर गाणं बदलताना संवादाला धक्का लागत नाही. सगळं एकत्र मिसळलेली एकच मोनो पट्टी उरली असेल, तर संवाद पुन्हा मुद्रित करावा लागतो किंवा प्रसंगच कापला जातो. डिस्कवर एखादा प्रसंग मध्येच उडी मारत असेल किंवा पात्राचा आवाज दोन वाक्यांपुरता बदलत असेल, तर कात्री सेन्सॉरची असेलच असं नाही, गाण्याचीही असू शकते.

मूळ चित्रफीत

मालिका फिल्मवर चित्रित झाली की टेपवर, हे डोळ्यांनी ओळखता येतं. बारीक दाणा, उभे ओरखडे, रीळ संपताना कोपऱ्यात चमकणारा ठिपका ही फिल्मची लक्षणं. हालचाल अतिशय गुळगुळीत आणि जुन्या कॅमेऱ्यात तेजस्वी दिव्यामागे शेपटासारखी रेघ राहत असेल तर टेप. जुन्या ब्रिटिश मालिकांत दोन्ही एकाच भागात सापडतात: स्टुडिओतले प्रसंग टेपवर, बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर.

टेपवरच्या मालिकेसाठी 'एचडी ब्ल्यू-रे काढा' अशी मागणी करू नका. टेपवर चित्राच्या रेषाच मोजक्या असतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याऐवजी मूळ रिझोल्यूशनचेच भाग ब्ल्यू-रेवर मागा. चित्र अधिक रेखीव होणार नाही, पण जागा भरपूर असल्याने दाबून बसवावं लागत नाही.

फिल्मवर चित्रित झालेल्या मालिकेलाही एक मेख आहे. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट्स व्हिडिओ टेपवर झाले. म्हणजे तयार भाग फिल्मवर अस्तित्वातच नव्हता. २०१२ ते २०१४ दरम्यानच्या ब्ल्यू-रेसाठी मूळ निगेटिव्ह शोधून १७८ भाग नव्याने जोडावे लागले. एवढा खर्च प्रत्येक मालिकेला मिळत नाही.

आणि काही वेळा फीतच नसते. दोन इंची टेप महाग असायची, म्हणून पुसून पुन्हा वापरायचे. 'डॉक्टर हू'चे १९६० च्या दशकातले अनेक भाग बीबीसीकडून असेच गेले. २०१३ मध्ये त्यातले नऊ भाग नायजेरियातून परत आले, कारण परदेशी वाहिन्यांना फिल्मवरच्या प्रती पाठवल्या जायच्या. म्हणून एखादा भाग 'हरवला' असं कळलं, की ती मालिका कोणकोणत्या देशांना विकली गेली होती, ती यादी काढा.

घरच्या टेपा फेकू नका

'डॉक्टर हू'च्या सगळ्या हरवलेल्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, तो त्या काळी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. त्याच मालिकेच्या १९७१ मधल्या 'द डीमन्स' या कथेचे रंग अमेरिकेत घरी मुद्रित केलेल्या टेपवरून घेऊन कृष्णधवल फिल्मवर चढवले गेले. तेव्हा व्हीएचएसवर मालिका असेल तर ती नीट उतरवून ठेवा.

आधी टेपच्या खिडकीतून आत पाहा. पांढरट भुकटी किंवा जाळी दिसली तर बुरशी आहे. ती टेप यंत्रात घातली की यंत्राचं हेडही खराब आणि पुढची प्रत्येक टेपही. स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे गुंडाळा, म्हणजे ताण सारखा होतो. जमल्यास एस-व्हीएचएस यंत्र वापरा आणि एस-व्हिडिओ तार जोडा. मधे टाइम बेस करेक्टर (चित्रातल्या रेषांची वेळ सारखी करणारं यंत्र) असावाच, नाहीतर उभ्या रेघा नागमोडी दिसतात आणि फ्रेम गळतात. पाल (PAL, भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) टेप ७२० बाय ५७६ वर सेकंदाला २५ फ्रेमने, एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) ७२० बाय ४८० वर २९.९७ फ्रेमने उतरवा. कोडेक (व्हिडिओ साठवण्याची पद्धत) हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१, म्हणजे एकही बिंदू न गमावता. तासाला ३० ते ४० गीगाबाइट जागा धरून चाला.

उतरवताना गळलेल्या फ्रेमचा आकडा शून्य हवा. तो वाढत असेल तर ओठ आणि आवाज यांत अंतर पडत जातं. नंतर दुरुस्त करण्यापेक्षा टेप पुन्हा लावलेली बरी. साठवणीच्या प्रतीवर डीइंटरलेसिंग (एकाआड एक रेषांची दोन अर्धी चित्रं एकत्र करणं) करू नका, चित्राच्या तळाची फाटकी पट्टी कापू नका आणि जाहिरातीही राहू द्या. प्रसारणाची तारीख बरेचदा जाहिरातींवरूनच पक्की होते.

मात्र पूर्ण भाग नेटवर टाकून मग त्याच मालकाला पत्र लिहायला जाऊ नका. तिथे तुम्ही चाहते राहत नाही, हक्कभंग करणारे ठरता.

पत्र कोणाला, कसं

मोठ्या स्टुडिओपेक्षा त्यांच्याकडून हक्क भाड्याने घेऊन डिस्क काढणारी छोटी लेबलं जास्त ऐकतात. मोठ्यांनी अर्धवट सोडलेल्या कित्येक मालिका अशाच लेबलांनी पुऱ्या केल्या आहेत. पत्र एक पान. त्यात मालिकेचं नाव, वर्षं, भागांची संख्या. कोणत्या देशात कोणती पर्वं आधीच निघाली आहेत. अलीकडे कोणत्या वाहिनीवर किंवा स्ट्रीमिंगवर ती चांगल्या प्रतीत दिसली (म्हणजे वापरण्याजोगी मास्टर प्रत कुठेतरी आहे). आणि आजचा मालक कोण, हे असावं. गाण्यांचा तक्ता जोडा. चाहत्यांकडे असलेली प्रोमो, छायाचित्रं, संहिता यांची यादी द्या. बहिष्काराच्या धमक्या आणि अश्रू दोन्ही टाळा. काही महिन्यांनी एकदाच, नव्या माहितीसह, आठवण करा.

ऑनलाइन सह्यांची मोहीम म्हणजे बोलाचीच कढी. दहा हजार सह्यांतून किती जण पाकीट उघडतील, हे लेबलला अनुभवाने कळतं. त्यांना दिसते ती आगाऊ नोंदणी. पहिलं पर्व निघालं की 'पूर्ण संच येईपर्यंत थांबू' म्हणणारे लोकच बरेचदा दुसरं पर्व मारतात.

संच हातात आल्यावर

आधी वेळ मोजा. पाल प्रतीवर २४ फ्रेमची फिल्म २५ फ्रेमने धावते, म्हणून मूळ मिनिटांना ०.९६ ने गुणा. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपला आणि सूर किंचित चढा वाटला, तर काहीही कापलेलं नाही. ४५ किंवा ४६ मिनिटांत संपला, तर जास्त जाहिराती बसवण्यासाठी कापलेली पुनःप्रसारणाची प्रत तुमच्या गळ्यात मारली आहे.

मग चौकट. ४:३ चं चित्र पडदाभर १६:९ दिसत असेल, तर बहुधा वरखालून पाव उंची गेली आहे; कपाळं आणि हातातल्या वस्तू पाहा, लगेच कळतं. फिल्मवरच्या मालिकांत कधी उलट बाजूंचा न वापरलेला भाग उघडतात, आणि कडेला माइक किंवा दिव्याचा स्टँड डोकावतो.

एका डिस्कवर किती भाग कोंबलेत तेही पाहा. दुपदरी डीव्हीडीत ८.५ गीगाबाइट मावतात. ५० मिनिटांचे चार भाग असतील तर सेकंदाला साडेपाच मेगाबिटच्या वर मिळतात, ते ठीक. आठ भाग असतील तर पावणेतीनच्या आसपास, आणि मग धूर, पाणी, गर्दी यांत चौकोन दिसणार.

कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह, जाहिरातीच्या जागी अर्ध्या सेकंदाचा धक्का, आणि अधिकृत दोनच पर्वं निघालेली असताना 'संपूर्ण मालिका' असं वेष्टन, असं दिसलं तर ती चोरटी प्रत. खालची बाजू जांभळट असेल तर डिस्क कारखान्यात छापलेली नाही, जाळलेली, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लेझरने लिहिलेली आहे. तेवढ्यावरून ती चोरटी ठरवू नका. वॉर्नर आर्काइव्हने २००९ मध्ये मागणीनुसार डिस्क द्यायला सुरुवात केली तीही अशाच डिस्कवर. पण त्यातला रंगद्रव्याचा थर उजेडाने आणि उष्णतेने खराब होतो. ती उभी, अंधारात ठेवा, वर चिकट लेबल लावू नका, आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत प्रत्येक डिस्कचा शेवटचा भाग चालवून पाहा. वाचण्यात अडचण येते ती बहुतेक बाहेरच्या कडेलाच.