शहाबादी फरशीवर ॲसिड? या चुका टाळा

घर बांधून झालं की गवंडी जाता जाता सांगतो, "सिमेंटचे डाग ॲसिडनं धुऊन घ्या." खानापूरला मावशीकडं गणपतीच्या तोंडावर तेच केलं. फरशीवर ॲसिड ओतलं, फस्सकन फेस आला. मावशी खूश: "बघ, घाण कशी निघालीय!" घाण कसली, फरशीच निघत होती. वाळल्यावर सोपाभर पांढरट, खरखरीत चट्टे.

शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच कुळातला. ॲसिडनं त्यांतलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा. संडास धुवायचं लिक्विड, व्हिनेगर, कट्ट्यावर सांडलेलं लिंबू, सगळे एकाच माळेचे मणी. आपला दगड कुठला हे माहीत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. जागा निस्तेज दिसली तर ॲसिडला हात लावू नका.

हे चट्टे साबणानं घासत बसू नका. तो डाग नाही, दगडाची झीज आहे. मशीननं घासून पुन्हा पॉलिशच करावं लागतं.

ग्रॅनाईट दणकट, हे खरं. पण गंज काढायच्या काही लिक्विडमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते ग्रॅनाईटलाही खातं आणि कातडीतून आत शिरतं. घरात आणूच नये असं माझं मत.

ॲसिडचा वास जावा म्हणून वर ब्लीच ओतणारेही भेटतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

समईच्या तेलाचा डाग असेल तर खायच्या सोड्याचा घट्ट लेप लावा, वर प्लास्टिक चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या, मग खरवडा. जुन्या डागाला दोन-तीनदा करावं लागतं. रोजच्या पुसण्याला पीएच 7 च्या आसपासचा, म्हणजे ना ॲसिड ना अल्कली असा क्लीनर बरा.

आता सीलर, म्हणजे दगडात पाणी-तेल मुरू नये म्हणून वरून लावायचं द्रव. आमच्याकडच्या पावसात जून ते सप्टेंबर तो लावायच्या भानगडीत पडू नका. ओल आत कोंडली की फरशी ढगाळ दिसते. आधी हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव दिसलं तर थांबा. फरशीवर पांढरी भुकटी येत असेल तर ते ओलीबरोबर वर आलेले क्षार. कोरड्या ब्रशनं झाडा, आणि ओल कुठून येतेय ते आधी शोधा.